अपरच्या दिव्यापर्यंत न पोहोचणारे २.६ व्होल्ट : हेडलाइट मॉड्युलेटरचे एक प्रकरण

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे राहणाऱ्या माझ्या मामेभावाची, म्हणजे दादाची, एक जुनी जपानी मोटरसायकल आहे. ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, कार्ब्युरेटरच्या काळातील ही गाडी तो एप्रिल ते ऑक्टोबर या काळात कामावर जाण्यासाठी वापरतो. रूट २७ वर भर दुपारी समोरून येणारी एक मोटार त्याच्या पुढ्यातच डावीकडे वळली. ब्रेक वेळेवर लागल्यामुळे काही झाले नाही. मोटारीतील बाई खाली उतरून थरथरत म्हणाल्या की तुम्ही मला दिसलाच नाहीत. दिवा तर चालूच होता, कारण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींचा हेडलाइट चावी फिरवताच किंवा इंजिन सुरू होताच लागतो आणि तो बंद करण्याचे बटणच नसते. तरीही गाडी दिसली नाही. त्या आठवड्यात दादाने हेडलाइट मॉड्युलेटर, म्हणजे दिवसा हेडलाइटची प्रखरता झपाट्याने कमी-जास्त करत राहणारे छोटे उपकरण, मागवला आणि जवळच्या एका कार्यशाळेतून बसवून घेतला. पुढच्या सहा आठवड्यांत जे घडले, त्याची ही नोंद आहे.

त्या बाईंचे उत्तर नवे नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल दिला. मोटरसायकल व दुसरे वाहन यांच्यात झालेल्या अपघातांपैकी साधारण दोन तृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलचा आधी जाण्याचा हक्क मोडलेला होता, आणि मोटरसायकल नजरेत न येणे हे त्यामागचे मुख्य कारण होते. मॉड्युलेटरचा उपयोग नेमका इथे आहे. स्थिर दिवा पार्श्वभूमीत मिसळून जातो, तर प्रखरता बदलत राहणारा दिवा डोळ्याच्या कडेलाही टोचतो.

अमेरिकेतील वाहनांच्या दिव्यांसाठी असलेल्या संघराज्यीय मानक १०८ मध्ये मोटरसायकलच्या मॉड्युलेटरला स्पष्ट परवानगी आहे, पण ती काटेकोर अटींसह आहे. प्रखरता मिनिटाला २४० वेळा, ४० इकडेतिकडे, म्हणजे सेकंदाला सुमारे चार वेळा बदलली पाहिजे. प्रत्येक आवर्तनाचा ५० ते ७० टक्के काळ दिवा पूर्ण प्रखर असला पाहिजे आणि उरलेल्या काळात प्रखरता कमाल प्रखरतेच्या १७ टक्क्यांखाली जाता कामा नये, म्हणजे दिवा कधीही विझल्यासारखा दिसता कामा नये. अपर (लांबचा झोत) किंवा डिपर (जवळचा झोत) यांपैकी एकच फिलामेंट, म्हणजे बल्बमधील तार, असे चालवता येते, दोन्ही नाही. मॉड्युलेटरचा स्विच बल्बच्या पॉझिटिव्ह बाजूला असला पाहिजे, अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्ह, बाजूला नाही. तो बिघडला तरी अपर आणि डिपर दोन्ही वापरता आले पाहिजेत. वर तोंड करून बसवलेल्या प्रकाशसंवेदकावरचा उजेड २७० लक्सखाली (लक्स हे उजेडाचे माप) गेला की लुकलुकणे थांबून दिवा स्थिर झाला पाहिजे. आणि दिवा चालू असताना खुद्द मॉड्युलेटरमध्ये ०.४५ व्होल्टपेक्षा जास्त घट होता कामा नये. हे संघराज्यीय मानक असल्यामुळे कोणतेही राज्य स्वतःच्या कायद्याने अशा मॉड्युलेटरला मनाई करू शकत नाही. तरीही हा नियम प्रत्येक पोलिसाला माहीत असतोच असे नाही, म्हणून दादा त्या कलमाची छापील प्रत सीटखाली ठेवतो. कलम एस १०.१७.५ आहे.

या सगळ्या अटींमध्ये ०.४५ व्होल्टची अट वाचताना बहुतेकांची नजर पुढे सरकते. माझीही सरकली होती. मॉड्युलेटर बनवणाऱ्याने आपल्या वस्तूत अर्धा व्होल्टसुद्धा गळू देऊ नये, असे मानक म्हणते. मग ज्या वायरिंगमध्ये ती वस्तू बसवायची, त्यात किती गळते, हे कुणी मोजायचे?

कार्यशाळेने मॉड्युलेटर अपरच्या वायरीवर, बल्बच्या होल्डरच्या अलीकडे बसवला होता आणि त्याची काळी अर्थिंगची वायर फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) पकडीवरील बोल्टखाली दाबली होती. पहिले दोन दिवस सगळे ठीक चालले. नंतर दादाच्या लक्षात आले की गाडी तापली की लुकलुकणे मंदावते, मध्येच थांबते, दिवा पिवळा पडल्यासारखा स्थिर होतो आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. कार्यशाळेने मॉड्युलेटर सदोष आहे असे सांगून दुसरा बसवला. आठवड्याभरात तोही तसाच वागू लागला. तेव्हा दादाने कुणाच्या तरी सल्ल्यावरून हॅलोजन बल्ब काढून त्याच्या जागी एलईडी बल्ब घातला, आणि मग तर दिवा कधी पूर्ण विझायचा, कधी भलत्याच लयीत चमकायचा. हे अपेक्षितच होते. हॅलोजनसाठी बनवलेला मॉड्युलेटर वीज झपाट्याने चालू-बंद करून फिलामेंटला मिळणारी सरासरी शक्ती कमी करतो, आणि तापलेली तार त्या तुकड्यांची आपोआप सरासरी काढते. एलईडीच्या पाठीमागे मात्र स्वतःचा नियंत्रक असतो. त्याला तुकड्यातुकड्याने मिळणारी वीज समजत नाही. एलईडी बल्ब काढून मूळचा ६०/५५ वॅटचा एच ४ (अपर आणि डिपर अशी दोन फिलामेंट असलेला हॅलोजन) बल्ब परत घालणे, ही मी सुचवलेली पहिली गोष्ट होती.

त्यानंतर गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली. मी वीज अभियंता असलो तरी मोटरसायकलचा मेकॅनिक नाही. त्यामुळे मी ठरवले होते की दोष डोळ्यांनी शोधायचा नाही, मल्टिमीटरने शोधायचा.

गॅरेजमध्ये अशा तपासणीत एक साधी अडचण येते. ट्यूबलाइटच्या उजेडात संवेदकावर २७० लक्स पडतीलच याची खात्री नसते, त्यामुळे मॉड्युलेटर चालू होत नाही आणि तो बिघडला आहे असा समज होतो. संवेदकाजवळ हातबत्ती धरली की तो चालू होतो. उलट मापे घेताना मात्र तो लुकलुकायला नको, कारण सेकंदाला चार वेळा बदलणाऱ्या व्होल्टेजवर साधा मल्टिमीटर अर्थहीन आकडे दाखवतो. म्हणून मी संवेदकावर काळी टेप चिकटवली, दिवा अपरवर स्थिर ठेवला, इंजिन ३,००० आरपीएमच्या आसपास धरायला दादाला सांगितले आणि मापे घेतली.

बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट होते, म्हणजे चार्जिंग व्यवस्थित होते. बल्बच्या होल्डरमध्ये मागून सुया घालून अपरचे टोक आणि अर्थिंगचे टोक यांच्यामध्ये मोजले, तर ११.५. बॅटरी आणि बल्ब यांच्या दरम्यान २.६ व्होल्ट गायब होते. बल्ब काढून त्याच होल्डरवर मोजले असते, तर जवळजवळ १४ व्होल्ट दिसले असते आणि वायरिंग ठणठणीत आहे असे प्रमाणपत्र मिळाले असते. कार्यशाळेने बहुधा तेच केले असावे. प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडही व्होल्टेज खात नाही. दिवा पेटलेला असतानाच मोजले पाहिजे, या एका गोष्टीवर या प्रकरणाचे सगळे निदान उभे आहे.

२.६ व्होल्ट कुठे जातात ते शोधण्यासाठी मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवून दुसरी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवली. बॅटरीपासून मुख्य फ्यूज, चावीचा स्विच आणि हेडलाइटचा फ्यूज ओलांडेपर्यंत ०.४ व्होल्ट. तिथून पुढे स्टार्टर बटणाच्या अलीकडे व पलीकडे मोजले, तर एकट्या बटणात ०.९. अपर-डिपर स्विचमध्ये ०.४. हेडलाइटच्या वाटीतील कपलर (वायरी जोडणारा प्लग), मॉड्युलेटर आणि होल्डर मिळून ०.३. उरलेले ०.६ अर्थिंगच्या बाजूला, बल्बच्या निगेटिव्ह टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत.

स्टार्टर बटणाचा हेडलाइटशी काय संबंध, असा प्रश्न दादाने लगेच विचारला, आणि तो रास्त आहे. अनेक जपानी गाड्यांत स्टार्टर दाबताच हेडलाइट क्षणभर विझतो, जेणेकरून बॅटरीची सगळी ताकद स्टार्टरला मिळावी. त्यासाठी हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह त्या चिमुकल्या बटणाच्या आतल्या दुसऱ्या संपर्कातून फिरवलेला असतो. बटण सोडलेले असताना तो संपर्क जुळलेला असतो आणि गाडी चालू असेपर्यंत सुमारे पाच अँपिअर त्यातून वाहत राहतात. पाच अँपिअर आणि ०.९ व्होल्ट म्हणजे साडेचार वॅट उष्णता, आणि तीही अंगठ्याच्या नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत.

बटण उघडले तेव्हा आतले चित्र पाहण्यासारखे होते. कारखान्यात लावलेले फिकट ग्रीस घट्ट होऊन डांबरासारखे काळे झाले होते. तांब्याची छोटी पट्टी स्प्रिंगच्या जोरावर दोन बिंदूंवर टेकायला हवी होती, पण त्यांपैकी एका बिंदूवर खळगा पडून त्याच्या कडेला हिरवट थर चढला होता. पट्टीला आधार देणारे पांढरे प्लॅस्टिक त्या बाजूने तपकिरी होऊन किंचित खाली बसले होते, त्यामुळे पट्टी तिरकी टेकत होती. मेकॅनिक ज्याला कार्बन धरणे म्हणतात, ते हेच. गाडी तापल्यावर दोष का वाढतो, हेही इथे उलगडले. संपर्क तापला की स्प्रिंगचा आधार मऊ पडतो, दाब कमी होतो, रोध वाढतो आणि तो आणखी तापतो.

दिव्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, तेही मांडतो. एच ४ बल्बची प्रकाशमापे १३.२ व्होल्टवर दिलेली असतात. त्या व्होल्टेजला अपरचे फिलामेंट १,६५० लुमेनच्या (लुमेन हे प्रकाशाचे एकक) आसपास प्रकाश देते. पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने घटतो. त्या हिशेबाने ११.५ व्होल्टवर दादाचा दिवा आपल्या क्षमतेच्या जेमतेम ६३ टक्के प्रकाश देत होता. म्हणजे नीट दिसावे म्हणून ज्याने पैसे खर्च केले, त्याच्या दिव्यातला एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश मॉड्युलेटर बसवण्यापूर्वीच, कदाचित कित्येक वर्षे, वायरिंगमध्ये जळून जात होता. रूट २७ वरच्या त्या दुपारीसुद्धा.

आता मॉड्युलेटर का अडखळत होता याकडे येतो. त्याच्या आतील नियंत्रकाला चालण्यासाठी स्थिर व्होल्टेज आणि स्थिर अर्थिंग लागते. इथे दोन्ही नव्हते. दिवा पूर्ण प्रखर झाला की पुरवठा दोन व्होल्टने खचायचा आणि मंद झाला की पुन्हा वर यायचा, तोही सेकंदाला चार वेळा. अर्थिंगची गोष्ट तर आणखी वेगळी निघाली. कार्यशाळेने ती वायर फोर्कच्या पकडीवर दिली होती, पण फोर्क आणि चेसी यांच्यामध्ये स्टिअरिंगचे बेअरिंग असते आणि ते ग्रीसने भरलेले असते. बेअरिंगमधून वाहणारी अर्थिंग म्हणजे नशिबावर सोडलेली अर्थिंग. दादाला हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगितले आणि संवेदकावर हातबत्ती धरली. मध्यावर येताच लय तुटली, दोन ठिकाणी दिवा स्थिर झाला, उजव्या टोकाला पुन्हा लुकलुकू लागला. सरळ रस्त्यावर हँडल मध्यावरच असते. कार्यशाळेने बदललेला पहिला मॉड्युलेटर दादाने ठेवून दिला होता. तो मी टेबलावर वेगळ्या बॅटरीवर आणि वेगळ्या बल्बवर दोन तास चालवून पाहिला. त्यात काहीही दोष नव्हता.

दुरुस्तीचा मार्ग स्पष्ट होता. बल्बला लागणारा प्रवाह जुन्या स्विचांमधून नेण्याऐवजी रिलेमधून, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचमधून, थेट बॅटरीवरून द्यायचा आणि जुन्या वायरिंगकडे फक्त रिलेच्या कॉइलला जाग आणण्याचे, ०.२ अँपिअरहूनही कमी प्रवाहाचे, हलके काम ठेवायचे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिमीची वायर टाकीखालून पुढे, आणि अपर व डिपर यांसाठी दोन स्वतंत्र रिले. दोन्हींच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडचा पुरवठा, ८७ वरून बल्बकडे, ८६ ला जुन्या होल्डरमधून येणारा इशारा आणि ८५ ला अर्थिंग. बल्बची अर्थिंगसुद्धा तितक्याच जाडीच्या वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. या शेवटच्या वायरीचा अनेक जण कंटाळा करतात, पण एकूण घटीचा जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच होता.

एक चूक मी केली आणि ती सांगणे गरजेचे आहे, कारण तयार हार्नेस (रिले आणि वायरींचा जोडलेला संच) विकत घेऊन बसवणारा कुणीही ती सहज करू शकतो. मॉड्युलेटर आधीपासून जुन्या होल्डरच्या अलीकडे बसलेला होता. मी त्याला हात न लावता नवा हार्नेस जुन्या होल्डरमध्ये खुपसला. हातबत्ती धरताच रिले कडकड वाजू लागला. मॉड्युलेटर आता बल्बला नव्हे तर रिलेच्या कॉइलला चालू-बंद करत होता. मंद टप्प्यात कॉइलला मिळणारी सरासरी शक्ती इतकी कमी होती की रिले पूर्ण सुटत होता आणि दिवा दर आवर्तनाला खरोखर विझत होता. म्हणजे १७ टक्क्यांची अट सरळ मोडत होती. शिवाय मिनिटाला २४० वेळा म्हणजे तासाला १४,४०० वेळा रिलेचे संपर्क उघडणार आणि मिटणार. साध्या वाहन रिलेचे विद्युत आयुष्य लाखभर वेळांच्या आसपास धरले, तर तो सात तासांत संपला असता. मॉड्युलेटरची जागा रिले आणि बल्ब यांच्या मध्येच आहे. बॅटरी, फ्यूज, रिले, मग मॉड्युलेटर आणि शेवटी बल्ब, हा क्रम बदलता येत नाही.

मॉड्युलेटर तिथे हलवला आणि त्याची काळी वायर बल्बच्याच नव्या अर्थिंगला जोडली. दोन्ही बाजूंना एकमेकांत बसणारे कपलर ठेवले, म्हणजे रस्त्यात मॉड्युलेटर निकामी झाला तर तो उपटून टाकून दोन टोके थेट जोडता येतील. डिपरच्या वायरीला मॉड्युलेटरचा स्पर्शच नसल्यामुळे डिपर कोणत्याही परिस्थितीत चालणारच. सगळे जोड क्रिंप केले, म्हणजे दाबून बसवले, आणि गोंद असलेली स्लीव्ह आकसवली. हँडलजवळच्या वायरी सोल्डर करणे मी टाळतो, कारण सोल्डर जिथे संपते तिथे तार ताठ होते आणि सतत वळण्याने नेमकी तिथेच तुटते. होल्डरची डिपरची पत्ती काळवंडली होती, म्हणून उष्णता सहन करणारा सिरॅमिक होल्डर घातला. स्टार्टर बटण साफ करून पट्टी सरळ केली आणि नवे ग्रीस लावले. त्यातून आता जेमतेम कॉइलचा प्रवाह जातो, त्यामुळे ते बदलण्याची गरज पडली नाही.

पुन्हा मोजले, तेव्हा बॅटरीवर १४.१ आणि बल्बवर १३.६ व्होल्ट आले. अर्ध्या व्होल्टच्या या घटीत मॉड्युलेटरचा स्वतःचा वाटा ०.२ होता. याची एक किंमत आहे आणि ती दादाला आधीच सांगितली होती. व्होल्टेज पाच टक्के वाढले तर हॅलोजन बल्बचे आयुष्य साधारण निम्मे होते. आता बल्ब पूर्वीसारखा वर्षानुवर्षे टिकणार नाही, म्हणून एक जादा बल्ब कापडात गुंडाळून सीटखाली, त्या छापील कलमाशेजारी ठेवला आहे.

वापराबाबत दादाने स्वतःहून एक पद्धत ठरवली आहे. गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर एखाद्या मोटारीच्या मागे बराच वेळ राहायचे असेल तर तो डिपरवर येतो, म्हणजे लुकलुकणे थांबते. पुढच्या चालकाच्या आरशात दहा मिनिटे चमकत राहणे त्याला योग्य वाटत नाही. सिग्नल, चौक आणि समोरून वळणारी वाहने असलेल्या रस्त्यांवर अपर चालू असतो. मला ही पद्धत पटते, कारण धोका समोरच्या वळणाऱ्या मोटारीकडून आहे, पुढे चाललेल्या मोटारीकडून नाही.

हे सगळे पुण्यातल्या माझ्या भाच्याला फोनवर सांगितले, तेव्हा त्याने आपल्या गाडीवरही असेच बसवता येईल का, असे विचारले. मी नाही म्हणालो. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनबरोबर आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा झाला. सुरुवातीला तर दिवा दिवसा चालू आहे म्हणून समोरचे लोक हाताने खुणा करायचे. पण स्थिर दिवा सक्तीचा असणे आणि लुकलुकणाऱ्या दिव्याला परवानगी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील मानकाची परवानगी तिथल्याच रस्त्यांपुरती आहे, आणि आपल्याकडील मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करते. मात्र मल्टिमीटरचे काम दोन्हीकडे सारखेच आहे. त्याच आठवड्यात भाच्याने दिवा पेटवून, होल्डरमध्ये मागून सुया घालून मोजले. त्याच्या नऊ वर्षे जुन्या गाडीत बॅटरी आणि बल्ब यांच्यात १.७ व्होल्टचा फरक निघाला, आणि त्यातले १.१ व्होल्ट हेडलाइटच्या वाटीतल्या एकाच गंजलेल्या अर्थिंगच्या जोडात होते. तो जोड घासून घट्ट केल्यावर फरक ०.७ वर आला.

दादाच्या गाडीची मापे मी एका पुठ्ठ्यावर लिहून दिली आहेत. ऑक्टोबरअखेर गाडी हिवाळ्यासाठी झाकण्यापूर्वी त्याने पुन्हा मोजून खाली नवी ओळ लिहिली : बॅटरी १४.१, बल्ब १३.५, हँडल तिन्ही स्थितींत फिरवून पाहिले, लय तुटली नाही.